वाचा उपचार तालुक्याच्या गावी मिळायला हवेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातील एखादे मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल, तर त्याच्यापर्यंत वाचा उपचार, म्हणजे बोलायला शिकवणारे उपचार (स्पीच थेरपी), पोहोचायला इतका उशीर का होतो आणि तो कसा टाळता येईल, याविषयी आपल्या वृत्तपत्रातून थोडे लिहू इच्छिते. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत खानापूर आणि आटपाडी तालुक्यांत अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी झाली. आता मी निवृत्त आहे. मुलांची वजने, उंची, लसीकरण, पूरक आहार यांवर आमच्या बैठकांत तासन्‌तास चर्चा होई आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र मूल किती शब्द बोलते, मागून हाक मारली तर वळून पाहते का, हा विषय क्वचितच निघे. कमी वजनाचे मूल तक्त्यावर लाल रंगात दिसते, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. न बोलणारे मूल कोपऱ्यात शांत बसते, खाऊ खाते आणि घरी जाते. ते कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारतही नाही.

कागदावर पाहिले तर व्यवस्था नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील तीस प्रकारचे दोष व आजार लवकर ओळखून त्यांवर मोफत उपचार करावेत, हा त्याचा हेतू आहे आणि त्या तीसमध्ये ऐकू न येणे, भाषेची वाढ उशिरा होणे, दुभंगलेले ओठ व टाळू यांचा स्पष्ट समावेश आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ही पथके मनापासून काम करतात, हे मी जवळून पाहिले आहे. पण नव्या माणसासमोर लहान मूल गप्पच बसते, आणि हाती असलेल्या थोड्या वेळात ते लाजते आहे की त्याला बोलताच येत नाही, हे ठरवणे चांगल्या डॉक्टरलाही अवघड जाते. ते अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते, कारण मूल रोज तिच्यासमोर असते. सेविकेने आधीच नाव काढून ठेवले असेल तर पथकाचे लक्ष जाते, नाही तर त्या मुलाचे आणखी सहा महिने जातात. शंका आली की पालकांच्या हाती चिठ्ठी दिली जाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायला सांगितले जाते. सगळे ज्याला ‘डीईआयसी’ म्हणतात, त्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञांपासून वाचा उपचार तज्ज्ञापर्यंत सगळी पदे एका छताखाली असावीत, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. रचना विचारपूर्वक केलेली आहे. प्रश्न उभा राहतो तो चिठ्ठी हाती पडल्यानंतर.

तिरळेपणाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया असेल तर एकदा जायचे, चार दिवस राहायचे आणि परत यायचे. गावातले कोणीतरी सोबत येते, पाहुण्यांकडे उतरायची सोय होते आणि काम पार पडते. वाचा उपचारांचे तसे नाही. ते आठवड्यातून किमान एकदा, सलग कित्येक महिने आणि काही मुलांच्या बाबतीत दोन-तीन वर्षे चालतात. जत तालुक्याच्या पूर्वेकडील उमदी-संख भागातून सांगली शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. आटपाडीच्या टोकाच्या वस्तीवरून निघालेल्या आईला आधी तालुक्याला यावे लागते, मग पुढची गाडी मिळते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा या आयांना खरोखर मोठा आधार झाला. पण बुडालेली दिवसाची मजुरी अर्धी भरून देणारी सवलत कुठे नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या उपचारासाठी पहाटे निघून रात्री परतणारी आई एक महिना जाते, दुसरा महिना जाते, मग घरात कुरबुर सुरू होते, दुसऱ्या मुलाची परीक्षा येते, शेतात भांगलणीचे दिवस येतात, आणि जाणे थांबते. त्यातून कुटुंब ऊसतोडीला जाणारे असेल तर दिवाळीच्या सुमारास ते घर सोडते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. तोवर मूल जे शिकले होते त्यातले बरेचसे विसरलेले असते. अशा पालकांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. आपल्या मुलाने आपल्याला हाक मारावी, असे कोणत्या आईला वाटत नाही?

येथे वाचा उपचारात नेमके काय करतात, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत. ‘नुसतेच खेळवतात, औषध काही देत नाहीत’ ही तक्रार मी किती जणींकडून ऐकली असेल! बोलण्यासाठी औषध नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. उच्चाराच्या पुष्कळ आधी मूल ज्या गोष्टी शिकते, तिथून तज्ज्ञ सुरुवात करतात. समोरच्या माणसाकडे पाहणे, तो ज्या वस्तूकडे पाहतो आहे तिच्याकडे आपणही पाहणे, हवी ती वस्तू बोटाने दाखवणे, चेंडू एकदा तुझा एकदा माझा अशी पाळी सांभाळणे, टाळीला टाळी आणि आवाजाला आवाज देणे, हे सगळे जुळून आले की शब्दाला जागा तयार होते. तज्ज्ञ मुलासमोर दोन वस्तू धरतात, ‘केळं हवं की बिस्कीट?’ असे विचारतात आणि थांबतात. हे थांबणे पालकांना सर्वांत कठीण जाते. आपण मुलाने तोंड उघडण्याआधीच त्याच्या हातात वस्तू देतो, मग त्याला बोलण्याची गरजच उरत नाही. मुलाने नुसते ‘के’ म्हटले, किंवा बोट दाखवले, तरी ती मागणी मानून त्याला केळे द्यायचे आणि ‘केळं! केळं पाहिजे!’ असे पूर्ण बोलून दाखवायचे. ‘नीट म्हण, मगच देईन’ असे अडवायचे नाही. मूल एक शब्द बोलत असेल तर आपण दोन शब्दांत बोलावे, दोन बोलत असेल तर तिनात.

ज्यांचे शब्द आलेले आहेत पण उच्चार स्पष्ट नाहीत, त्यांचे काम निराळे असते. ‘राम’ आणि ‘लाम’ यांतला फरक आधी कानाला कळावा लागतो, मग आरशासमोर जिभेची जागा दाखवतात, मग तो ध्वनी सुटा, शब्दात, वाक्यात आणि शेवटी रोजच्या बोलण्यात आणतात. तीन वर्षांच्या मुलाने ‘र’ ऐवजी ‘ल’ म्हटले तर त्यात काळजीचे काही नाही. सातव्या वर्षीही तेच चालू असेल तर तज्ज्ञाकडे न्यावे. आणि ज्या मुलांना मेंदूच्या पक्षाघातामुळे किंवा अन्य कारणाने तोंडाने बोलणे जमणारच नाही किंवा फार उशिरा जमेल, त्यांना चित्रांचा फलक किंवा मोबाईलमधले बोलके चित्र-अ‍ॅप दिले जाते. पाणी, भूक, शू, दुखते, नको, आई अशी चित्रे दाखवून मूल आपले म्हणणे सांगते. चित्रांची सवय लागली तर ते कधीच बोलणार नाही, ही पालकांची भीती निराधार आहे. उलट आपले म्हणणे दुसऱ्याला कळते आहे हे उमगल्यावर मुलांची आदळआपट कमी होते आणि ज्यांना बोलणे शक्य असते त्यांना त्यातून मदतच मिळते.

या सगळ्यात आठवड्यातून एकदा होणारी तज्ज्ञांची भेट ही दिशा दाखवण्यापुरती असते. खरे काम घरी, अंघोळीच्या वेळी, भाकरी थापताना, गोठ्यात, रानात होते. म्हणून ज्या ठिकाणी आईला बाहेर बसवून मूल आत नेतात आणि पाऊण तासाने परत देतात, तिथे उपचाराचा निम्मा उपयोग वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. आईला, आणि मूल आजीकडे वाढत असेल तर आजीला, आत बसवून शिकवलेच पाहिजे.

कोणतेही उपचार सुरू करण्याआधी कान तपासणे अत्यावश्यक आहे. ज्याला ऐकूच येत नाही ते मूल बोलणार कसे? थाळी वाजवली, मूल दचकले, म्हणजे त्याला ऐकू येते, असे समजून घरोघरी समाधान मानले जाते. पण काही मुलांना मोठे, जाडे आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नाहीत. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेल्या मुलांना एक दिवस ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. नवजात बाळाचीही कानाची तपासणी ओएई या यंत्राने काही मिनिटांत होते, बाळाला टोचावे लागत नाही, आणि शंका राहिली तर बेरा चाचणी करतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत कानाचे मशीन व उपचार, हे सूत्र जगभरातील तज्ज्ञांनी मान्य केले आहे. कमी वजनाची, काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली, तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झालेली बाळे आणि गरोदरपणात ज्यांच्या आईला रुबेला झाला होता अशी बाळे यांच्या बाबतीत तर ही तपासणी चुकता कामा नये. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तिचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. जन्मतः बहिरेपणाची अनेक कारणे आनुवंशिक असतात आणि जवळच्या नात्यातील लग्नांत ती दोन्हीकडून मुलात उतरण्याची शक्यता वाढते. एका मुलात असा दोष असेल तर पाठच्या भावंडाची तपासणी जन्मानंतर लगेच करून घ्यावी, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने करावे.

दिव्यांगांना साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, मदत मिळते, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र शस्त्रक्रियेने कानापर्यंत आवाज पोहोचतो, त्या आवाजाचा अर्थ लावायला मुलाला पुढे दीर्घकाळ शिकवावे लागते. दुभंगलेल्या टाळूचेही असेच आहे. शस्त्रक्रिया मोफत होते, चेहरा सुधारतो, आई-वडील समाधानाने घरी येतात, आणि दोन वर्षांनी लक्षात येते की मूल नाकातून बोलते व त्याचे बोलणे घरच्यांखेरीज कोणाला कळत नाही. ‘ग्रहणात विळी हाताळली म्हणून असे झाले’ हे ऐकून ऐकून खचलेल्या आईला पुन्हा नव्याने धावपळ करावी लागते. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया आपण करून देतो आणि तिचे फळ पदरात पडण्यासाठी लागणारी, तुलनेने कितीतरी स्वस्त असलेली सेवा मुलाच्या घरापासून शंभर किलोमीटरवर ठेवतो, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

घरातल्या समजुतींविषयीही लिहिले पाहिजे. ‘याचा मामाही चौथ्या वर्षी बोलायला लागला’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ या वाक्यांनी मौल्यवान वर्षे जातात. काही मुले खरोखर उशिरा आणि आपोआप बोलू लागतात, हे खरे आहे. परंतु त्यांतले कोणते मूल आपोआप बोलेल आणि कोणते नाही, हे घरबसल्या सांगता येत नाही. वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावण्याने बोलणे येत नाही, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे तर धोक्याचे आहे. जिभेखालची दोरी कापून घेण्याचा आग्रह अनेक जण धरतात. ती दोरी फार आखूड असेल तर दूध ओढण्यात किंवा एखाद्या उच्चारात अडचण येऊ शकते, पण मूल एकही शब्द बोलत नाही याचे कारण ती बहुधा नसते. पालकांनी लक्षात ठेवावे असे थोडेच आहे. नऊ-दहा महिन्यांचे बाळ बा-बा, मा-मा असे आवाज काढत नसेल, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल किंवा बोटाने काही दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत अर्थपूर्ण शब्द आले नसतील, दोन वर्षांचे मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. आलेले शब्द नाहीसे झाले तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

अलीकडे सगळा दोष मोबाईलच्या माथी मारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले आहे. ते पाळायला हवे, कारण मोबाईल मुलाशी बोलतो पण मुलाच्या बोलण्याची वाट पाहत नाही. तथापि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मोबाईलमुळे होतो असे म्हणून आईला दोषी ठरवणे साफ चुकीचे आहे. शेतात कामाला जाताना रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल देणाऱ्या आईला आधीच पुष्कळ बोलणी खावी लागतात. तिला तपासणीची तारीख आणि जागा सांगावी, त्याचा अधिक उपयोग होईल.

आमच्या भागाचा एक विशेष प्रश्न आहे, त्याकडे शहरातील तज्ज्ञांचेही लक्ष जावे असे वाटते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील हजारो कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी तमिळनाडू, केरळ, आंध्र, पंजाबपर्यंत पसरली आहेत. त्यांची मुले घरात मराठी, गल्लीत तमिळ किंवा मल्याळम आणि दुकानात हिंदी ऐकत वाढतात आणि मधूनच आजी-आजोबांकडे गावी येतात. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी ऐकणारी मुले आहेत. अशी मुले बोलत नसतील तर ‘भाषांचा गोंधळ झालाय, एकच भाषा बोला’ असा सल्ला सर्रास मिळतो. आटपाडी तालुक्यातील एका कुटुंबाला असाच सल्ला मिळाला आणि तो पाळताना कन्नडखेरीज दुसरे काही न येणारी आजी नातवाशी बोलायचीच बंद झाली. मुलाशी दिवसभर बोलणारे एकमेव माणूसही गेले. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही, हे संशोधनाने पुरेसे स्पष्ट केले आहे. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि नसेल तर मूल दोन्ही शिकते. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावेत आणि घरातल्या माणसांनी ज्या भाषेत त्यांना मनापासून बोलता येते त्याच भाषेत बोलावे.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश केला, याचा आनंद आहे. परंतु त्याची व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या दोषापुरती आहे, आणि बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. भाषेची वाढ उशिरा होणारी, तोतरे बोलणारी, उच्चार अस्पष्ट असणारी असंख्य मुले त्यात बसत नाहीत, आणि वेळेवर उपचार मिळाले तर त्यांतल्या अनेकांना प्रमाणपत्राची गरजही पडणार नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून त्यात उपचारपद्धतींचाही समावेश आहे. मात्र ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे, आणि पात्र असलेल्या अनेक पालकांना तिचे नावही माहीत नसते. म्हणून वाचा उपचारांसाठी प्रमाणपत्राची अट कोठेही घालू नये. मूल बोलत नाही, एवढे कारण पुरे असावे.

माझी मुख्य मागणी अशी आहे की जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातील एक वार वाचा उपचारांसाठी नेमून द्यावा आणि त्या दिवशी जिल्ह्याहून तज्ज्ञ तेथे यावेत. दहा तालुके आहेत. दोन तज्ज्ञ आठवड्याचे पाच-पाच दिवस फिरले तरी प्रत्येक तालुक्याला एक दिवस मिळतो. शंभर मुलांना एका ठिकाणी बोलावण्यापेक्षा एका तज्ज्ञाने गाडीत बसणे केव्हाही स्वस्त पडते. बाजाराचा वार असेल तोच उपचाराचा वार ठेवला तर उत्तम, कारण त्या दिवशी गावोगावची माणसे तालुक्याला येतातच. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नोंद वेगळी ठेवावी, जाण्यापूर्वी आईला घरी करायचे खेळ शिकवून लेखी द्यावेत आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवरून विचारपूस करावी. गलाईवाल्या कुटुंबांनाही या सोयीचा उपयोग होईल.

तज्ज्ञ कोठून आणायचे, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेलेच तज्ज्ञ हवेत. काही आठवड्यांचे शिबिर करून ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्यांच्या हाती मुले देऊ नयेत, आणि पालकांनीही नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये. या विषयाची पदवी चार वर्षांची असते आणि त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था १९६५ पासून असे तज्ज्ञ घडवत आहेत. पुण्यातही शिक्षणाची सोय आहे. या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या वर्षातील काही महिने ग्रामीण तालुक्यांना जोडता येतील, मात्र त्यांच्यावर ज्येष्ठ तज्ज्ञाची देखरेख हवी. कर्नाटक आणि कोकणातून मिरजेला उपचारासाठी येण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. एवढे वैद्यकीय बळ असलेल्या जिल्ह्याला हे जमू नये, असे मला वाटत नाही.

पैशांची बाजूही अशक्य नाही. ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. अनेक ठिकाणी ही रक्कम वर्षअखेरीस थोडी थोडी रोख वाटून संपवली जाते. ज्यांना तिचा आधार आहे त्यांचा हक्क काढून घ्यावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण उपचाराला जाणाऱ्या मुलांचा आणि आईचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांसाठी त्यातील काही भाग राखून ठेवता येईल. तज्ज्ञांच्या मानधनासाठी आणि गाडीसाठी जिल्हा नियोजन समितीने तरतूद करावी.

अंगणवाडीचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली असून त्यात ओळखणे, सामावून घेणे आणि पुढे पाठवणे असे तीन टप्पे सांगितले आहेत. आशा ताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातातच. त्याच भेटीत ऐकण्या-बोलण्याविषयीचे प्रश्न ठरवून विचारले जावेत. सेविकांवर आधीच कामाचा आणि मोबाईलवरच्या नोंदींचा मोठा बोजा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे, म्हणून त्यांच्याकडून उपचारांची अपेक्षा करू नये. त्यांनी मूल ओळखावे, त्याला गाण्यात आणि खेळात मागे पडू देऊ नये, आणि मूल उपचाराला गेले की नाही हे पुढच्या महिन्यात विचारावे. हे विचारणे आज प्रत्यक्षात क्वचितच होते, आणि चिठ्ठ्या घरातल्या ट्रंकेत पडून राहतात त्या त्यामुळेच.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. शंभरातील सुमारे पाच मुले लहानपणी केव्हा ना केव्हा अडखळत बोलतात आणि त्यांतली बरीचशी पुढे सुधारतात. अशा मुलाला वर्गात उभे करून ‘सावकाश बोल, श्वास घे’ असे सांगितल्याने त्याचे अडखळणे वाढते. त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ऐकावे, वाक्य त्याच्याऐवजी पुरे करू नये, आणि कोणी नक्कल केली तर ती तिथल्या तिथे थांबवावी. अडखळणे वर्षभराहून अधिक टिकले किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर पालकांना तालुक्याच्या उपचाराच्या दिवशी पाठवावे.

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, जिल्हा शल्यचिकित्सक आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकत्र बसून नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक तालुक्याचा वार ठरवावा, तो अंगणवाडीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, आणि गेल्या दोन वर्षांत चिठ्ठी मिळालेल्या मुलांची यादी काढून त्यांतली किती मुले उपचारांपर्यंत पोहोचली हे जाहीर करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने तालुकावार ही माहिती मिळवून प्रसिद्ध केल्यास पालकांवर मोठे उपकार होतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
विटा, ता. खानापूर, जि. सांगली